घाट, बर्फ आणि भाड्याची गाडी

दिवाळीचा फराळ संपला आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी जवळ आली, की आपल्या मंडळींच्या गप्पांचा विषय बदलतो. स्कीइंगला कधी जायचे, कुणाकुणाची मुले येणार, भारतातून आजी-आजोबा आले आहेत तर त्यांनाही बर्फ दाखवायचा का, आणि एवढी सगळी माणसे एका गाडीत मावत नाहीत तर दोन कुटुंबांत मिळून मोठी व्हॅन भाड्याने घ्यायची का, अशी चर्चा सुरू होते. मग हमखास कुणीतरी विचारते, "भाड्याच्या गाडीला साखळ्या लागतात का हो?" या एका प्रश्नाला दहा उत्तरे मिळतात. एक म्हणतो, फोर-व्हील-ड्राइव्ह घ्या, मग कशाची गरज नाही. दुसरा म्हणतो, भाड्याची गाडी ती, कंपनीने सगळे बघितलेलेच असणार. तिसरा खिडकीबाहेर बोट दाखवतो आणि म्हणतो, इथे तर नुसता पाऊस पडतोय, बर्फ कुठला आलाय!

ही तिन्ही उत्तरे धोक्याची आहेत. ती का, हे नुसती यादी देऊन पटत नाही, म्हणून जरा इतिहासात शिरण्याचा विचार केला. हिवाळ्यासाठी गाडीत जी जी वस्तू असते ती कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेली आहे. ती अडचण कळली की काय तपासायचे ते पाठ करावे लागत नाही. शिवाय बर्फाचा घाट आणि भाड्याची गाडी यांचे इतिहास अगदी वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. या दोन वाटांची गाठ आपल्या सहलीच्या दिवशी, आपल्याच गाडीत पडते.

हिवाळ्यात पावसाळा असलेला सह्याद्री

कॅस्केड पर्वत समजून घ्यायला मराठी माणसाला फारसे कष्ट नकोत. सह्याद्री डोळ्यांसमोर आणला की झाले. पश्चिमेला समुद्र, समुद्राला समांतर डोंगररांग, समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम अंगावर सगळे पाणी ओततात. पलीकडे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला धुवाधार पाऊस आणि तिथून पूर्वेला माण-खटावकडे कोरडे रान, तसेच इकडे स्नोक्वाल्मी घाटात चिंब ओल आणि घाट उतरून एलेन्सबर्गकडे गेले की सुके गवत. फरक ऋतूचा. आपल्याकडे हे सगळे जून ते सप्टेंबरमध्ये होते, इथे नोव्हेंबर ते मार्चमध्ये. त्यामुळे जे पाणी सह्याद्रीवर पाऊस म्हणून पडते, तेच इथे वरच्या अंगाला बर्फ होऊन पडते.

स्नोक्वाल्मी घाटाचा माथा ३,०२२ फुटांवर आहे. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, म्हणजे उंचीच्या मानाने हा घाट काही मोठा नव्हे. खंडाळ्याहून हजारभर फूट जास्त, एवढेच. पण वर्षाला सरासरी चारशे इंचांच्या वर बर्फ इथे पडतो. म्हणजे दहा मीटर! तीन मजली चाळ बुडेल एवढा. उत्तरेचा स्टीव्हन्स घाट ४,०६१ फुटांचा, तिथेही हीच तऱ्हा.

आता तिसऱ्या उत्तराकडे येऊ. रेडमंड जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. हवेत हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. म्हणजे रेडमंडला पाच अंशांचा रिमझिम पाऊस असेल, तर त्याच वेळी घाटमाथ्यावर उणे एक अंश असण्याचा संभव आहे. पन्नास मैलांच्या आत, तासाभराच्या प्रवासात, आपण एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जातो. त्यातून कधी कधी पूर्वेकडची गारठलेली हवा घाटाच्या खिंडीतून पश्चिमेला झिरपते, वरून पाऊस पडतो आणि रस्त्यावर पडल्या पडल्या तो गोठतो. खिडकीबाहेर बघून घाटाचा अंदाज बांधता येत नाही, तो याच कारणाने.

घाट कसा उघडला

या खिंडीतून इथले मूळ रहिवासी शतकानुशतके पायी ये-जा करत होते. १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे बैलगाड्या-घोडागाड्यांपुरता कच्चा रस्ता काढला. मोटारीने हा घाट गाजला तो १९०९ मध्ये. सिॲटलला अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन भरले होते आणि त्या निमित्ताने न्यूयॉर्क ते सिॲटल अशी मोटारींची शर्यत लावली होती. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या त्यात होत्या. २३ जूनला फोर्डची गाडी पहिली पोचली, पण त्याआधी स्नोक्वाल्मीच्या माथ्यावर तिला बर्फातून झुंजत यावे लागले. लक्षात घ्या, महिना जूनचा होता. (पुढे त्या गाडीचे इंजिन वाटेत बदलल्याचे उघडकीला आले आणि बक्षीस काढून घेतले गेले, तो भाग निराळा.)

घाटातला हिवाळा किती निर्दय असू शकतो, ते पुढच्याच वर्षी दिसले. फेब्रुवारी १९१० च्या अखेरीस ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या, एक उतारूंची आणि एक टपालाची, स्टीव्हन्स घाटातल्या वेलिंग्टन या ठाण्यावर बर्फामुळे अडकून पडल्या. कित्येक दिवस त्या तिथून हलू शकल्या नाहीत. १ मार्चच्या पहाटे एकच्या सुमारास वरचा डोंगरउतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत ढकलल्या गेल्या. ९६ माणसे दगावली. हिमकडा कोसळून एवढी माणसे अमेरिकेत आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही घटनेत मेलेली नाहीत. आपल्या बोरघाटात दरड कोसळते तेव्हा रेल्वे बंद ठेवतात आणि आपण त्रागा करतो. वेलिंग्टन आठवले की घाट बंद ठेवणाऱ्यांबद्दल मनात जरा वेगळी भावना येते.

आपल्या रेडमंडचा या घाटरस्त्याशी जुना संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गावाच्या पूर्वेला १९६ व्या अव्हेन्यूवर विटांनी बांधलेल्या जुन्या रस्त्याचा मैलभराचा तुकडा अजून शिल्लक आहे. १९१३ मध्ये तो बांधला गेला. सिॲटलकडून सरोवराला वळसा घालून घाटाकडे जाणाऱ्या मोटारी त्या काळी या विटांवरून जात. मुलांना एकदा जरूर दाखवावा असा तो रस्ता आहे. १९१५ मध्ये स्नोक्वाल्मी घाटातल्या सनसेट हायवेचे उद्घाटन झाले. तरीही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हिवाळा आला की घाट बंद व्हायचा. हिवाळ्यातही तो मोकळा ठेवायला लागले आणि लगेच, जानेवारी १९३४ मध्ये, सिॲटलच्या उद्यान खात्याने माथ्यावर नगरपालिकेचे स्की पार्क सुरू केले. म्हणजे आधी बर्फ काढणारे यंत्र आले आणि मागोमाग स्कीवाले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्टीव्हन्स घाटातही दोरावर माणसे ओढून नेणारी सोय झाली. तो दोर फिरवायला फोर्डचे मोटारीचेच इंजिन लावले होते.

त्याच सुमारास, १९३८ मध्ये, मिलवॉकी रेल्वेने स्नोक्वाल्मीच्या पलीकडे हायॅकला स्वतःचे स्की केंद्र काढले आणि सिॲटलहून खास गाड्या सोडल्या. डब्यात बसावे, बर्फात उतरावे, संध्याकाळी परत यावे. डिसेंबर १९४९ मध्ये तिथली इमारत आगीत जळाली आणि थोड्याच काळात रेल्वेने तो उद्योग गुंडाळला. दरम्यान १९४० मध्ये लेक वॉशिंग्टनवर तरंगता पूल झाल्यामुळे सिॲटलची मोटार सरळ घाटाकडे धावू लागली होती. तेव्हापासून बर्फाकडे न्यायची जबाबदारी आगगाडीच्या ड्रायव्हरकडून घरातल्या कर्त्या माणसाकडे आली, ती आजवर त्याच्याकडेच आहे.

साखळ्या आणि टायर

साखळ्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला. चिखलात-बर्फात चाक घसरू नये म्हणून तिथले गाडीवाले चाकांना दोर गुंडाळत. ते पाहून हॅरी वीड या गृहस्थाला सुचले की दोराऐवजी साखळी असेल तर ती झिजणार नाही. ऑगस्ट १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. शंभरावर वर्षे झाली, पण मूळ कल्पना तीच आहे. टायर बर्फावर नुसता टेकतो, साखळीचा दुवा बर्फात रुततो.

जुन्या फोटोंत साखळ्या नेहमी मागच्या चाकांवर दिसतात, कारण तेव्हाच्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाई. १९८० च्या दशकापासून अमेरिकेतल्या बहुतेक घरगुती गाड्या पुढच्या चाकांनी चालू लागल्या. १९८४ च्या मॉडेलपासून आलेली क्रायस्लरची मिनीव्हॅन हे त्याचे ठळक उदाहरण. साखळी चालत्या चाकालाच घालायची असते. स्वतःच्या गाडीचे हे आपल्याला माहीत असते. भाड्याची गाडी मात्र काल हातात आलेली असते, आणि अंधारात, ओल्या बर्फात गुडघे टेकून बसल्यावर "ही पुढची की मागची?" हा प्रश्न पडून उपयोग नाही. गाडीच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. साखळी चालेल की नाही, चालत असेल तर किती जाडीची, हेही तिथेच असते. हल्लीच्या गाड्यांत चाक आणि वरचा पत्रा यांत जागा कमी असते, म्हणून पुष्कळ गाड्यांना जाड साखळी न चालता बारीक तारेची चालते.

आता टायर. बर्फासाठी खास टायर पहिल्यांदा फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी बनवला. (होय, ज्या गावाच्या नावाचे फोन पुढे आपण सर्वांनी वापरले तेच गाव.) अमेरिकेत १९७७ मध्ये गुडइयरने बारमाही टायर आणला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट गेली. भाड्याच्या गाडीला बहुधा हाच टायर असतो. पण बारमाही हा शब्द जरा रसायनशास्त्राच्या चष्म्यातून पाहिला पाहिजे. रबराची पकड त्याच्या मऊपणावर असते. थंडीत रबराचे लांब रेणू आखडतात, हलेनासे होतात आणि टायर कडक होतो. साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली हा फरक जाणवू लागतो. खास हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे मुद्दाम मिसळलेले असते. अशा टायरवर १९९९ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण दिसते.

बर्फ मुळात घसरडा का, यावरही बराच खल झाला आहे. १८५० मध्ये मायकेल फॅरडेने सुचवले की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर नेहमीच असतो. तापमान शून्याकडे सरकते तसा तो थर वाढतो. म्हणून उणे पंधराच्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या जवळचा ओला बर्फ टायरला जास्त दगा देतो. आपल्या कॅस्केडमध्ये हाच ओला, जड बर्फ असतो. इथले स्कीवाले त्याला थट्टेने काँक्रीट म्हणतात.

कायदा असा आहे. घाटात "ट्रॅक्शन टायर आवश्यक" अशी पाटी लागली, की टायरवर एम अँड एस, ऑल सीझन किंवा डोंगर-हिमकण यांपैकी काहीतरी हवे आणि त्याची नक्षी निदान एक अष्टमांश इंच खोल हवी. हे मोजायला पाव डॉलरचे नाणे पुरते. जॉर्ज वॉशिंग्टनचे डोके खाली करून नाणे नक्षीत घालायचे. केसांचा वरचा भाग झाकला गेला तर टायर चालेल. वॉशिंग्टन राज्यात वॉशिंग्टनचेच डोके कामाला येते! "साखळ्या आवश्यक" अशी पाटी लागली तर प्रत्येकाने साखळ्या चढवायच्या, नाहीतर पाचशे डॉलरपर्यंत दंड. चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीला साखळ्या चढवण्यातून सूट असते, पण त्या गाडीत बरोबर बाळगाव्याच लागतात, आणि हवामान फारच बिघडले तर तिलाही सूट नसते. पहिले उत्तर इथे चुकते. शिवाय चारही चाके चालती असल्याने गाडी निघायला मदत होते, थांबायला होत नाही. ब्रेक सर्वच गाड्यांचे चारही चाकांवर असतात.

गाडीच्या पोटातली रसायने

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. लोखंडी इंजिनाच्या आत ते फुगले की इंजिनाला तडा जातो. म्हणून सुरुवातीच्या काळात हिवाळ्यात मोटारी सरळ ठोकळ्यांवर चढवून ठेवत, किंवा रोज रात्री पाणी काढून टाकत. मग पाण्यात अल्कोहोल घालायला लागले. पण मेथॅनॉल ६५ अंशांना उकळते आणि इंजिन त्याहून गरम असते, त्यामुळे ते उडून जाई आणि महिन्याभरात गाडी पुन्हा उघडी पडे. मध आणि साखरेचा पाकसुद्धा लोकांनी वापरून पाहिला. उत्तर खरे तर १८५० च्या दशकातच पॅरिसच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. वुर्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाने एथिलीन ग्लायकॉल बनवले होते. ते १९७ अंशांना उकळते, म्हणजे उडून जाण्याची भीती नाही. १९२७ मध्ये ते प्रेस्टोन नावाने बाजारात आले आणि मोटार बारमाही झाली.

यात एक गंमत आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे तेरा अंशांना गोठते, पाणी शून्याला. पण दोन्ही निम्मे निम्मे मिसळले की मिश्रण उणे ३७ पर्यंत पातळ राहते. दोघांचे रेणू एकमेकांना स्फटिकात नीट रचून बसू देत नाहीत. तेव्हा जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण असे नव्हे. निम्मे निम्मे हेच बरे. भाड्याच्या गाडीत हे मिश्रण सहसा ठीक असते, पण वाहनतळावर टाकीची पातळी डोळ्यांनी पाहून घ्यावी. झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नये. आणि हे द्रव चवीला गोड पण विषारी असते, तेव्हा सांडले असेल तर मुलांना दूर ठेवावे.

त्याहून जास्त वेळा दगा देते ते काच धुण्याचे पाणी. काच पुसणारा वायपर मेरी अँडरसन या अलाबामाच्या बाईंनी शोधला. न्यूयॉर्कला बर्फाळ हवेत ट्रॅमचा चालक समोरचे दिसावे म्हणून काच उघडून गारठत बसलेला त्यांनी पाहिला आणि १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आज घाटात वायपरला आणखी एक काम असते. रस्त्यावर मीठ आणि क्लोराइडची द्रावणे टाकतात. आपल्याकडे आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात खडे मीठ घालत, त्याचेच हे तत्त्व. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि रस्त्यावरचा बर्फ वितळतो. पण पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला तो खारा राड आपल्या काचेवर बसतो आणि दर दोन मिनिटांनी काच धुवावी लागते. टाकीत उन्हाळी पाणी असेल तर ते नळीत गोठते, किंवा काचेवर पडताच त्याचा पापुद्रा होतो. काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही. भाड्याच्या गाड्या राज्याराज्यांतून फिरत असतात. कालपर्यंत ही गाडी ॲरिझोनात असू शकते. उणे वीस फॅरनहाइटपर्यंत चालणारे द्रव चार-पाच डॉलरला मिळते, ते टाकीत भरावे आणि निघण्यापूर्वी दोनदा फवारून नळीत आलेले पाहावे.

बॅटरीचेही थोडे ऐकावे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारी गाडी आणली आणि हँडल फिरवताना हात मोडण्याचे प्रकार थांबले. तेव्हापासून आपण शिशाच्या बॅटरीवर अवलंबून आहोत. उणे १८ अंशांला तिची ताकद साधारण निम्मी होते, आणि त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होऊन काम वाढते. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे पन्नासच्या खालीही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ होऊन उणे दहाच्या आसपासच गोठते. म्हणून स्कीइंगच्या वाहनतळावर आतला दिवा चालू ठेवून जाणे हा महागडा विसराळूपणा ठरतो.

भाड्याच्या गाडीची गोष्ट

१९१८ मध्ये शिकागोला वॉल्टर जेकब्स या तरुणाने बारा मॉडेल टी घेऊन गाड्या भाड्याने देण्याचा धंदा मांडला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झने विकत घेतला. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस याने डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर दुकान थाटले आणि विमानातून उतरायचे, गाडी घ्यायची, ही पद्धत रूढ होत गेली. या सगळ्या इतिहासात घाट कुठेच नाही. हा धंदा शहरातल्या आणि विमानतळावरच्या गिऱ्हाइकासाठी वाढला. कुठल्याही शहरात, कुणाच्याही हातात चालेल अशी सरासरी गाडी हेच त्याचे भांडवल. म्हणून कागदावर एका गाडीचे नाव असते आणि पुढे "किंवा तत्सम" असे लिहिलेले असते. ते तत्सम काय निघेल ते काउंटरवर गेल्यावर कळते.

दुसरे उत्तर इथे चुकते. कंपनीने गाडी बघितलेली असते, पण ती सरासरी रस्त्यासाठी. बर्फाच्या घाटासाठी ती तयार करणे आपल्याकडे येते, आणि करार तर पुष्कळदा उलट दिशेने ओढतो. अनेक भाडे-करारांत साखळ्या घालायला मनाई असते, किंवा साखळीने पत्र्याला, टायरला इजा झाली तर भरपाई गिऱ्हाइकाने द्यायची असे कलम असते. इकडे राज्याची पाटी म्हणते साखळ्या चढवा, तिकडे करार म्हणतो चढवू नका. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात आणि मधे व्हॅनमध्ये आपली मुले आणि आजी-आजोबा बसलेले असतात.

१९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रेडमंडला आली आणि १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून एच-वन-बी व्हिसा आला. त्यानंतर आपली कित्येक कुटुंबे मुंबई-पुण्याहून थेट या डोंगराच्या पायथ्याशी येऊन पोचली. ज्यांनी आयुष्यात कधी बर्फात गाडी चालवली नाही अशांपैकी अनेकांचा पहिला बर्फ घाटात आणि भाड्याच्या गाडीतच असतो. म्हणून हा करार आरक्षणाच्या वेळीच वाचावा. साखळ्या चालतील का, टायर कुठले, गाडी चारही चाकांनी चालते का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. उत्तर नकारार्थी आले तर दुसरी कंपनी शोधावी, घाटावर जाणाऱ्या बसची चौकशी करावी, किंवा ज्याच्या गाडीला योग्य टायर आहेत त्याच्याबरोबर दोन खेपांत जावे. "पाटी लागणार नाही, बघू" या भरवशावर निघू नये.

निघण्यापूर्वी

गाडी आदल्या संध्याकाळी आणावी, सकाळी नव्हे. उजेडात नाण्याने टायर तपासावेत, चारही. टायरवरचा आकडा वाचून त्याच मापाच्या साखळ्या घ्याव्यात आणि घरासमोर कोरड्या जमिनीवर एकदा चढवून, एकदा उतरवून पाहाव्यात. ही वीस मिनिटांची तालीम घाटातला तासभर वाचवते. हवा दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेली आहे तेवढी ठेवावी. बर्फासाठी हवा कमी करावी हा सल्ला रस्त्यावरच्या गाडीला लागू नाही. काच धुण्याचे द्रव, दिवे, मागच्या काचेचा गरम करणारा दोरा हे सगळे चालू करून पाहावे. पेट्रोल पूर्ण भरावे.

डिकीत साखळ्यांबरोबर रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घालायला जुनी चटई, कपाळाला बांधायचा दिवा, काच खरवडायची पट्टी, लहान फावडे, घोंगड्या, पाणी आणि खाण्याचे डबे ठेवावेत. साखळ्या चढवायला रस्त्याकडेला आखून दिलेल्या रुंद जागा असतात, तिथेच थांबावे. चढवल्यावर थोडे अंतर जाऊन पुन्हा ताणून घ्याव्यात आणि तीस मैलांच्या वर वेग नेऊ नये.

गाडी अडकून थांबावे लागले तर इंजिन अधूनमधून चालवून ऊब घ्यावी, पण आधी उतरून मागच्या धुराड्याभोवतीचा बर्फ बाजूला करावा. बर्फाने ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला ना रंग ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो.

आणि घाट बंद असेल तर तो बंदच समजावा. १९५० मध्ये कीचेलस तलावाजवळ रस्त्यावर हिमकड्यांपासून बचावासाठी काँक्रीटचे छत बांधले होते. २०१४ मध्ये ते पाडले आणि तिथे पूल बांधले, जेणेकरून सुटलेला बर्फ रस्त्याखालून निघून जावा. एवढी विद्या आणि एवढा खर्च करूनही ६ जानेवारी २०२२ रोजी स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स, ब्ल्यूएट आणि व्हाइट हे चारही घाट एकाच वेळी बंद ठेवावे लागले. स्नोक्वाल्मी तीन दिवसांनी उघडला. तेव्हा निघण्याच्या सकाळी राज्याच्या रस्ते खात्याची घाटांची माहिती पाहावी, आणि ती प्रतिकूल असेल तर भाड्याचे पैसे गेले तरी चालतील अशी मनाची तयारी घरातल्या मोठ्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवावी. मुलांना ते सांगणे सकाळी फार जड जाते.

यंदा ज्यांना साखळ्या चढवण्याची तालीम करायची आहे त्यांनी मंडळाच्या कार्यकर्त्यांना कळवावे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी कार्यक्रमाच्या सभागृहाच्या वाहनतळावर एकत्र जमता येईल. आपापली पुस्तिका, साखळ्या आणि पाव डॉलरचे एक नाणे घेऊन यावे. चहा मंडळाकडून.